अवि आणि रिह्याच्या शेडमधला जोडा

माझ्या दोन्ही टाचांना फोड आले आहेत, आणि त्याला सर्वस्वी जबाबदार असलेला इसम परवा वारला.

हा शुद्ध अन्याय आहे. आता तक्रार करायची तरी कुणाकडे?

अवि. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, रविवारी माझ्या संस्कृतच्या वर्गात शेवटचा बाक. साधा ताप म्हणून ॲडमिट झाला. परत आलाच नाही.

लेण्यातल्या एका शिल्पाच्या पायातला जोडा त्याला जसाच्या तसा बनवायचा होता. डावा-उजवा भेद नाही, खिळा नाही, दोरा नाही. कातड्याच्याच वादीने शिवलेला. पहिला जोडा त्याने माझ्या पायात घातला. म्हणून हे फोड.

"गुरुजी, ग्रंथांत टाक्याबद्दल काय लिहिलंय?"

काही नाही. जोड्याला 'उपानह' असा भारदस्त शब्द आहे. टाका कसा घालायचा ते मला कुठेच सापडलं नाही. ज्यांना टाका येत होता, त्यांना लिहू दिलं नव्हतं.

हे अविला मी सांगायची गरज नव्हती. त्याचे बाबा जामखेडकडे एसटी स्टँडसमोर बसून चपला शिवत. पोरगा इंजिनिअर झाला त्या दिवशी त्यांनी सगळी अवजारं विहिरीत टाकली. घरात एकच नियम: या कामाला पुन्हा हात लावायचा नाही.

म्हणून पुण्याबाहेर रिहे गावात, भातखाचराच्या कडेला, भाड्याची शेड.

मालकीण शांताकाकू नाकाला पदर लावून दारात. "काय वास मारतुया! कम्प्युटरचं काम हाय म्हनला व्हता न्हवं?"

"व्हय काकू. लई जुना कम्प्युटर हाय."

एकदा दुसऱ्या जोड्याचं ओलं कातडं साच्यावर ताणून तो वादी आवळत होता. हात सुटला की सगळं सैल.

नेमका बाबांचा फोन. मी तो त्याच्या कानाला धरला.

"हापिसात हायेस?"

"हो बाबा. मीटिंग."

"आयतवारी?"

वादी बोटांत रुतलेली. कपाळावर घाम. आणि बाहेर शांताकाकूंची म्हैस मनापासून हंबरली.



"क्लायंट आलाय, बाबा."

पलीकडून, "बरं. एसीत बसतोस, स्वेटर घाल."

फोन ठेवून मी म्हणालो, "क्लायंटला वैरण टाकून ये."

तो हसला नाही.

"त्यांना कळलं तर खचतील, गुरुजी."

"मग सोड हे."

"आमची माणसं लोकांच्या पायाशी बसायची, एवढंच ऐकत आलोय. त्यांच्या हातात काय होतं, ते तर बघू द्या. जोडा पुरा झाला की बाबांच्या हातात ठेवीन. मग मीच सांगीन सगळं."

जोडा पुरा झाला नाही. साच्यावर तसाच आहे.

उद्या बाबा त्याची खोली रिकामी करायला येतायत. फोनवर म्हणाले, "गुरुजी, रिह्याला त्याचं कसलं प्रोजेक्ट व्हतं म्हणं. तेबी बघून जावं म्हणतो."

मी हो म्हणालो. शेडची किल्ली माझ्याकडे आहे.

अवि, नीट जा. तुझ्या गुरुजीचा तुला नमस्कार.

आणि हे वाचणाऱ्या मित्रांनो, मला उद्याची भीती वाटते. दार उघडल्यावर त्या माणसाला वाटेल, आपण आयुष्यभर केलं ते सगळं वाया गेलं.

तसं नाही, हे त्यांना सांगायचा हक्क फक्त अविला होता.