कुंकवाची गाडी

बाबा गेले आणि आमच्या वाट्याला दोन ॲम्बेसेडर आल्या. दोन्ही क्रीम रंगाच्या, दोन्ही म्हाताऱ्या, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकींना खेटून उभ्या. दादा बंगळुरूला असतो. त्याने फोनवर सांगितलं की दोन्ही विकून टाकू, इंदूरला जुन्या गाड्यांचे एक शौकीन आहेत, ओळखीतलेच आहेत, ते येऊन बघून जातील. दादाच्या ओळखीतलं कुणी ना कुणी सगळीकडे असतं. ते सगळे बाबांच्या आजारपणात कुठे होते, हे मी विचारलं नाही. मला शेडमधली जागा हवी होती. माझी स्कूटी वर्षानुवर्षं फाटकाशी उन्हात तापते आहे.

अट घातली ती आईने. ती म्हणाली, "आधी मला पक्कं सांगा, बिदाईच्या दिवशी हिला कुठल्या गाडीतून पाठवलं. मग विका काय विकायचं ते."

हिला म्हणजे मला. मी लग्न होऊन भोपाळला गेले आणि दोन वर्षांच्या आत बॅग घेऊन फ्रीगंजमधल्या याच घरी परत आले. त्याला आता तीस वर्षं होत आली. मध्यंतरी मी एका शाळेत गणित शिकवायला लागले, केस पांढरे झाले, आणि माझ्यापुरता तो विषय संपला. आईपुरता संपला नव्हता. गाडीचा हा प्रश्न तिने बाबांना आयुष्यभर विचारला. आता उत्तर द्यायला बाबा नव्हते आणि तिच्याकडेही फार वेळ नव्हता, हे तिचं तीच म्हणत असे. गाड्या गेल्या की उत्तर गेलं, अशी तिला धास्ती होती.

तिला उत्तर का हवं होतं ते समजण्यासाठी या दोन गाड्यांची हकिकत सांगायला हवी. पहिली गाडी काळी होती. बाबा मिलमध्ये मेंटेनन्सला होते, कुठल्याशा सरकारी खात्याने मोडीत काढलेली ती गाडी त्यांनी लिलावात घेतली आणि महिनोन्‌महिने अंगणात खोलून पसरून ठेवली. आजोबांचे गुडघे गेलेले, त्यांना गाडीत चढता येईना, म्हणून बाबांनी पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबाला आतून एक लोखंडी मूठ ठोकून दिली. आजोबा ती मूठ धरून, "हं, चला" म्हणत आत यायचे. पुढे ते इंदूरच्या दवाखान्यात वारले आणि त्यांना घरी आणलं तेही याच गाडीतून, मागच्या सीटवर आडवं निजवून. त्यानंतर आईने जाहीर केलं की ही गाडी मंगलकार्याला न्यायची नाही. बाबांचा शकुनावर विश्वास नव्हता, पण घरातल्या शांततेवर होता. त्यांनी देवासहून दुसरी गाडी आणली, क्रीम रंगाची.

दसऱ्याला शेडमध्ये गाड्यांची पूजा व्हायची. क्रीम गाडीच्या बॉनेटवर आई तुपात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायची, झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायची. काळीला फक्त पाणी. मी लहान असताना मला काळीची दया यायची, आणि मी हळूच तिच्या टायरला एक झेंडूचं फूल लावून यायचे. तुपाने कुंकवाचा डाग रंगात मुरतो, तो धुऊनही जात नाही. म्हणून आमच्या घरात त्या गाडीला नंबराने कुणी ओळखत नसे. ती कुंकवाची गाडी आणि दुसरी नुसती दुसरी.

दादाच्या लग्नाआधी बाबांनी दोन्ही गाड्या गावातल्याच देवास गेटजवळच्या एका पेंटरकडे नेल्या. महिनाभर त्या तिथेच होत्या आणि बाबाही सुटीच्या दिवशी तिथेच. परत आल्या तेव्हा दोन्ही क्रीम. काळीचं काळेपण गेलं, घरावरची सावली गेली, असं बाबांनी आईला पटवलं. आता ओळखायच्या कशा, असं आईने विचारलं तेव्हा त्यांनी एकीवर हात ठेवला आणि ही आपली चांगली, हिला कुंकू लाव, असं सांगितलं. आईने लावलं. दादाची वरात त्या गाडीतून गेली. पुढे त्याची जुळी मुलं दवाखान्यातून घरी आली तीही तिच्यातूनच.

माझं लग्न थंडीत झालं. कुंकवाची गाडी त्या दिवसांत सकाळी फार कुरकुर करायची. निघायची वेळ झाली, मुहूर्त टळायला लागला, तेव्हा आई दारात येऊन बाबांना म्हणाली होती की जी चालू होईल ती काढा. मग ती ओटीचं सामान घ्यायला आत गेली. बाहेर आली तेव्हा मी गाडीत बसले होते, बॉनेट फुलांच्या जाळीने झाकलेलं होतं आणि नंबराच्या पाटीवर दोघांच्या नावांचा पुठ्ठा लावलेला होता. मी परत आले त्या दिवसापासून आईला आपलं ते वाक्य आठवत राहिलं. बाबांना ती विचारायची, कुठली काढली होती? बाबा म्हणायचे, चांगलीच काढली होती. तिला ते खरं वाटायचं नाही. भांडण भाजीच्या मिठावरून सुरू होवो नाहीतर शेजाऱ्यांच्या नळावरून, ते शेवटी या गाडीपाशी येऊन थांबायचं. मला विचारून उपयोग नव्हता. मी त्या दिवशी पदरात तोंड खुपसून रडत होते आणि दोन्ही गाड्यांना आतून एकसारखाच वास यायचा.

म्हणून मग मी आणि आई माझ्या लग्नाचा फोटो घेऊन शेडमध्ये उभ्या राहिलो. फोटोत मी खिडकीशी, डोळे सुजलेले, मागे सीटचा थोडा भाग, काच खालीवर करायचं हँडल, आरशाचा कोपरा आणि दाराची आतली बाजू. सीटची शिवण एका गाडीशी जुळली, तर हँडल दुसरीशी. आरसा तर दोन्हींपैकी एकीचाही नव्हता. बाबा एकीचं काढून दुसरीला लावायचे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण इतकं ठाऊक नव्हतं. आई फोटो डोळ्यांजवळ नेऊन नेऊन दमली आणि म्हणाली, "ह्यांनी सगळं मिक्स करून ठेवलंय."

दादाचे शौकीन एका रविवारी आले. बूट पांढरे, बोलणं मऊ. चहा घेऊन ते शेडमध्ये गेले आणि रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक गाडीच्या अंगावरून फिरवू लागले. जिथे पत्रा खरा तिथे ते चिकटायचं, जिथे भोकं बुजवायची लांबी भरलेली तिथे सुटायचं. कुंकवाच्या गाडीला बाहेरून सगळीकडे चिकटलं. मग त्यांनी दार उघडलं, आत वाकले आणि मधल्या खांबाशी चुंबक टपकन खाली पडलं.

"मैडम, यहाँ पुट्टी है," ते म्हणाले.

मला राग आला. पुट्टी तर आमच्या बैठकीच्या भिंतीलाही आहे, असं मी म्हणणार होते. पण त्यांचं बोट ज्या जागी होतं ती जागा माझ्या ओळखीची होती. वर चढताना म्हातारा माणूस हात घालेल नेमकी तेवढी उंची. मी स्कूटीच्या किल्लीने तिथला रंग खरवडला. क्रीमखाली काळा रंग निघाला. आणखी खरवडलं तर लांबीने बुजवलेली दोन भोकं, वर एक, खाली एक.

कुंकवाची गाडी ही आजोबांची गाडी होती. मी धावत दुसरीकडे गेले आणि तिचा तोच खांब खरवडला. क्रीमखाली जुना क्रीम, त्याखाली पत्रा, भोक नाही. तिच्या पायाखालची मॅट ओढली तर खाली फळी ठोकलेली, आणि फळीच्या कडेने शेडची फरशी दिसत होती. शुभ गाडीचा तळ सडून गेला होता. देवास गेटला त्या महिन्यात बाबांनी तिचं बॉनेट, सीट आणि नंबराच्या पाट्या काढून आजोबांच्या धडधाकट गाडीवर चढवल्या, वरून एकच रंग मारला आणि बायकोला सांगितलं की हिला कुंकू लाव. पाहुणे म्हणाले की हमको ओरिजिनल चाहिए होता है, ये तो इसका उसमें और उसका इसमें है. ते चुंबक रुमालात गुंडाळून निघून गेले.

मी शेडमध्ये एकटीच हसत सुटले. मग एकाएकी बाबांचा इतका राग आला की टायरला लाथ मारली. आईचा एवढा छळ सहन केला त्या माणसाने, आणि गाड्यांची अदलाबदल केल्याचं एक वाक्य बोलला नाही. हळूहळू लक्षात आलं की ते वाक्य त्यांना बोलताच येत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर दादाची वरात, दादाची पोरं, सगळंच आजोबांच्या गाडीतून गेलं-आलं हे आईला कळलं असतं, आणि मग तिने दादाच्या घरातल्या प्रत्येक शिंकेला देव पाण्यात ठेवले असते. त्यापेक्षा माझ्या एकटीच्या लग्नाचा दोष बाबांनी अंगावर घेतला. मला त्यांची फार आठवण आली.

दादाचं मत होतं की आईला काही सांगू नकोस, या वयात कशाला. दादाला लांबून सगळं सोपं दिसतं. मी सांगायचं ठरवलं. आई मागच्या ओट्यावर उन्हात मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर स्टूल घेतलं आणि फळ्यावर सांगते तसं पायरीपायरीने सांगितलं. बाबांनी त्या दिवशी कुंकवाची गाडी नेली असेल तर ती आजोबांची. पण दादाची वरातही तिच्यातूनच गेली आणि दादाचं सगळं नीट चाललंय. दुसरी नेली असेल तर ती खरी शुभ गाडी, आणि तिच्यातून जाऊनही मी परत आले. म्हणजे कुठलीही नेली असेल तरी दोष गाडीचा नाही. तू दारात येऊन जे बोललीस त्याने काहीच झालं नाही.

आईने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग मी तिला हात धरून शेडमध्ये नेलं आणि ती भोकं दाखवली. तिने त्यांत बोट घालून पाहिलं. ती आता बाबांवर चिडेल नाहीतर रडेल, अशी माझी कल्पना होती, आणि दोन्हींसाठी मी तयार होते.

ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मग तू परत कशामुळे आलीस गं?"

मला या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं. किती वर्षं मी ते मनात तयार ठेवलं होतं, आणि नंतर केव्हा तरी ठेवायचं सोडून दिलं होतं. तिथेच, दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद जागेत उभं राहून मी तिला सांगितलं. तो माणूस मला मारत नव्हता, दारू पीत नव्हता. तो माझ्याशी बोलत नव्हता. एखादी गोष्ट मनाविरुद्ध झाली की बोलणं बंद, आधी आठवडा, मग महिना, शेवटी दिवाळीत बंद झालेलं बोलणं होळीपर्यंत उघडलं नाही. काही हवं असेल तर मी समोर असताना आपल्या आईला सांगायचा, हिला सांग. मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने बोलायला लागले. एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या घरात कितीतरी दिवसांत मला कुणी नावाने हाक मारलेली नाही, आणि मी बॅग भरली.

आई गाडीच्या उघड्या दाराला धरून ऐकत होती.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तू बाबांना गाडीचं विचारत होतीस," मी म्हटलं. "मला कुणी काही विचारलंच नाही."