चमचाभर दुधाचं पाणी

आठवीत शाळा सुटली आणि मी भंडाऱ्याहून अंधेरीला आले. स्कूबाचं, म्हणजे पाण्याखाली बुडी मारायचं सामान विकणाऱ्या ताईंनी मला दुकानात ठेवलं, पोहायला, बुडी मारायला शिकवलं. रविवारी मालवणला गढूळ पाण्यात उतरायचं होतं. "तुझा टॉर्च तूच निवड," त्या म्हणाल्या.

खोक्यांवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. मी सगळ्यात झगझगीत, रुंद झोताचा टॉर्च उचलला.

ताईंनी बिनखिडकीच्या बाथरूममध्ये बादली भरली, पाणी गढूळ व्हावं म्हणून चमचाभर दूध ढवळलं, तळाशी चावी टाकली आणि दिवा बंद करून आम्हा दोघींना आत घेऊन दार लावलं. अंधारात माझा जीव घुसमटला.

"पाण्यात धरून लाव ना गं!"

लावला, तर सगळं पाणी पांढरं झालं. चावी दिसेचना, नुसती भिंत. समुद्रातही असंच कोंडल्यासारखं होईल, या भीतीने मी कडी चाचपू लागले.

"थांब, हा बघ." त्यांनी बारीक झोताचा टॉर्च दिला. त्याचा झोत दुधात न पसरता थेट तळाशी गेला आणि चावी लख्ख दिसली.

"हे खोक्यावर लिहिलेलं असतं?" मी भीत भीत विचारलं.

"कुठलं! मीपण बादलीतच शिकले."

त्या कडी काढायला वळल्या. मी म्हटलं, "राहू द्या ताई, अजून एकदा बघते."