कल्लाप्पा मेस्त्रीचं खरं

कल्लाप्पा निपाणीहून बेंगळूरला आला तो चोपन्न साली, राजाजीनगरातल्या एका फौंड्रीत घण मारायला. पहिल्याच खंडेनवमीला त्यानं भाड्याच्या खोलीपुढं बोकड कापलं आणि बापजाद्यांच्या रीतीनं घणाला रक्ताचा टिळा लावला. घरमालक कडक सोवळ्यातला. त्यानं चार माणसं आणवली. त्यांनी कल्लाप्पाला दांडक्यांनी सोलून काढलं, दोन बरगड्या मोडल्या, आणि 'मी पाप केलं' असं त्याच्याच तोंडून दहा वेळा वदवून घेतलं.

बळी तो कान पिळी, हे कान आपला असला की लगेच कळतं. हात आपला झाला की माणूस ठार विसरतो.

कल्लाप्पाही विसरला. नऊ वर्षांत तो मेस्त्री झाला, गावाकडची सोळा दांडगी माणसं त्याच्या हाताखाली आली. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात भट्टीवरचा देवाप्पा देवनहळ्ळीला जाऊन लग्न करून आला आणि कौतुकानं साखर वाटू लागला. नवरी गंगव्वा, त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी. देवाप्पाच्या माणसांत भाचीवर पहिला हक्क मामाचा. कल्लाप्पाच्या घरात मामा भाचीच्या पाया पडतो.

"लेक ती तुझी," कल्लाप्पा म्हणाला.

"आमच्यात असंच असतं, अण्णा. अक्कानंच दिली."

कल्लाप्पानं सळई उचलली. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचं भट्टीच्या घरघरीतही ऐकू आलं. मग सोळा जणांनी लाथा घातल्या.

"म्हण, पाप केलं."

देवाप्पानं रक्त थुंकलं आणि म्हणाला. दहा वेळा म्हणाला.

घरी कल्लाप्पानं हे बायकोला फुशारकीनं सांगितलं. ठकुबाई भाकरी थापत होती.

"म्हंजे त्या घरमालकाचं खरंच होतं की."

कल्लाप्पानं हात उगारला. ती जागची हलली नाही.

"मारा. मग माझंबी खोटं ठरंल."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा. सकाळी तो देवाप्पाच्या खोलीवर गेला. देवाप्पाचा हात झोळीत होता, एक डोळा सुजून मिटला होता.

"तुझी रीत तुझ्यापाशी. पाप नाही ते. मीच चुकलो."

देवाप्पा भिंतीला चिकटला. "नाही मेस्त्री, पापच. पटलं मला. गंगव्वाला पहिल्या बसनं अक्काकडं धाडली."

"अरे, घेऊन ये तिला. मी सांगतोय ना, पाप नाही."

"पापच, मेस्त्री."

कल्लाप्पाचं डोकं फिरलं. त्यानं देवाप्पाची मानगूट धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. "म्हण, पाप नाही. म्हण."

"सरी, तुम्ही म्हणाल तसं, मेस्त्री," देवाप्पा डोळे मिटून म्हणाला. "पाप नाही."

गंगव्वाला आणायला मात्र तो कधीच गेला नाही.