जीपखाली बसवलेला साग

त्या जीपचा मला आजही राग येतो. एखाद्या माणसावर धरावा तसा. खरं तर तो माझ्या स्वतःवर यायला हवा, हे कळतं मला. पण जीपवर रागावणं सोपं असतं, आणि सोपं तेवढं करत करतच मी पन्नाशीला आलो.

जिल्हा तेव्हा चांदा, राज्य मध्य प्रदेश. आरमोरीच्या पुढे जंगलात आमच्या सेठचा लाकडाचा डेपो होता आणि मी तिथला मुन्शी. लढाईच्या दिवसांत वर्षभर मी लष्कराच्या एका वर्कशॉपात कारकुनी केली होती. म्हणजे नटबोल्टांच्या याद्या लिहिल्या होत्या. एवढ्यावर डेपोत मला गाड्यांतला जाणकार समजत. मी समजू देत होतो.

सेठने लष्कराची जुनी जीप घेतली आणि माझ्यामागे भुणभुण लागली. डेपोपासून कूप, म्हणजे जिथं झाडतोड चालायची ती जागा, चार कोसांवर. वाट बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची. बंडीच्या दोन चाकांतलं अंतर वेगळं, जीपच्या चाकांतलं वेगळं. म्हणून जीपचं एक चाक चाकोरीत, दुसरं वर, आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला खरवडत जायचा. त्यात नाला. रेतीत जीपची बारीक चाकं अशी रुतत की दर खेपेला बैल जुंपून ओढावी लागायची. बंडीवाले मजा बघत उभे.

"मुन्शीजी, बैलाइलेच स्टेरिंग देऊन टाका ना!"

पावसाळा सरला आणि सेठ चांद्याहून येऊन बसला. दिवाळीनंतर जंगलखात्याचे साहेब कुपातलं लाकूड मोजायला येणार होते. त्यांना बंडीत घालून नेणं सेठला कमीपणाचं वाटत होतं.

"तुमी मिल्ट्रीतले ना, मुन्शी? गाडी उंच करा, टायर चौडे लावा. काही करा, पण साहेब जीपमधेच गेले पायजे."

नाही म्हणायला तोंड होतं. उघडलं नाही.

आधी टायर. भंगारातल्या एका मिल्ट्री ट्रकचे रुंद टायर मिळाले, तर ते जीपच्या रिमांवर बसेनात. चांद्याच्या वेल्डिंगवाल्याने रिमा चिरून, मधे पट्टी जोडून त्या रुंद केल्या. चाकं चढवली, तर वळताना टायर पत्र्याला घासायचे. पत्रा कापला, तर चिखल थेट तोंडावर. शिवाय ही चाकं बंड्यांच्या चाकोरीत मावेनात. तिच्या कडा फोडत जायची, आणि मागून येणाऱ्या बंड्या कलंडायच्या. कालपर्यंत हसणारे बंडीवाले आता शिव्या घालू लागले.

मग गाडी उंच करणं. त्या जीपला कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगांचे पाटे, चाकांच्या आसाखाली बांधलेले होते. ते काढून आसाच्या वर बांधले की गाडी वीतभर उंच होते, हे मी वर्कशॉपात पाहिलं होतं. फक्त आस गोल आणि पाटा सपाट, म्हणून दोघांच्या मधे भक्कम बैठक लागते. लोखंडी. वेल्डिंगवाल्याचा गॅस नेमका तेव्हाच संपला. नागपुराहून यायला आठ दिवस. साहेब यायला चार.

"लोखंड कशाला?" मी म्हणालो. "आपल्याकडे साग आहे."

डेपोतला बंड्या करणारा म्हातारा सुतार रंधा ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "साग दारं-खिडक्याले, भाऊ. असा दाब आला का तो शिरेवर फाटते. बंडीचा आस आमी धावड्याचा काऊन करतो? धावडा घ्या."

आता धावडा म्हणजे आमच्या स्वयंपाक्याचं सरपण. डेपोत एक नेम कडक होता: चुलीत सागाची ढलपीसुद्धा जायची नाही. साग हा माल. चुलीत जायचा धावडा, नाहीतर ऐन. ज्या लाकडावर आमची डाळ शिजते ते मी जीपखाली घालू? साहेबांना काय सांगू?

"बाबाजी, ही बंडी नाही, मोटार आहे," मी म्हणालो, आणि त्याच्याकडूनच सागाच्या चार बैठका कोरून घेतल्या. सुरेख केल्या त्याने. न बोलता.

ड्रायव्हर मात्र बोलला. सिरोंच्याकडचा पोरसवदा गडी, बाप गोदावरीवर मासे मारायचा. घराण्यात चाक हाती धरणारा हा पहिलाच. आपलं लायसन तो मेणकापडात गुंडाळून बनियनच्या खिशात ठेवायचा. एकदा मला म्हणाला होता, "मुन्शीजी, आमच्या धंद्यात नावावरच खातो आमी. एकदा गाडी पलटवली म्हणून बोंब झाली, का कोनी चाकाले हात लावू देत नाई." हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

"बाबाजी बरोबर सांगून राह्यले," तो म्हणाला. "मले बी धाकधूक वाटते."

"तू गाडी चालव. लाकूड मी पाहतो."

गाडी उभी राहिली तेव्हा सगळा डेपो जमला. सेठला वर चढता येईना, त्याच्यासाठी सागाचा ओंडका ठेवावा लागला. दिवे झाडांच्या शेंड्यांकडे. स्टिअरिंगचा दांडा पाट्याला अडायचा, म्हणून उजवीकडे अर्धंच वळण. ब्रेकच्या नळ्या ताणून ताणून कशाबशा पुरवल्या. सेठ खूष होऊन चांद्याला गेला. मी प्रत्येक आवाजाला कपाळावर हात मारत होतो, पण थांबा म्हणत नव्हतो.

साहेब येण्याच्या दोन दिवस आधी सकाळी आम्ही नाल्यावर गेलो. ड्रायव्हरने काठावर गाडी थांबवली.

"पहिल्या खेपेले एकटाच उतरतो. हळूच. तुमी पायी या."

"हळू घेशील तर रेतीत बसेल. जोरात घे."

"उतार हाय, मुन्शीजी."

"जोरात घे म्हणतो ना!"

त्याने घेतली. अर्ध्या उतारावर फाडकन आवाज आला. मागची बैठक उभी फाटली, आस सरकला, आणि जीप कुशीवर पडली. माझा खांदा निखळला. त्याचे समोरचे दोन दात गेले. तोंडातून रक्त येत होतं, तरी खिसा चाचपून त्याने पहिल्यांदा लायसन पाहिलं.

बंडीवाल्यांनी आम्हाला डेपोत आणलं. त्याला ओसरीवर निजवलं. सेठला निरोप गेला. मी एक हात झोळीत बांधून नाल्यावर परत गेलो आणि फाटलेल्या बैठकेचे दोन्ही तुकडे धोतराच्या सोग्यात घालून आणले. चीर शिरेबरोबर सरळ गेली होती, म्हातारा म्हणाला होता तशीच. स्वयंपाकी नदीवर पाणी आणायला गेला होता. मी ते तुकडे चुलीत घातले आणि जळेपर्यंत बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेठ आला. ड्रायव्हरला बोलता येत नव्हतं, ओठ सुजून एवढे झालेले. सेठने मला विचारलं.

"वेगात होता," मी म्हणालो.

एवढंच. खोटंही नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं माझ्या घशात अडकलं. सुतार बंडीच्या चाकाजवळ बसून ऐकत होता; त्यानेही माझ्याकडे पाहिलं फक्त. ड्रायव्हरला त्याच दिवशी काढलं, आणि बोंब आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंत गेली. साहेब कुपात गेले ते बंडीतून. चांगली लागली झोप, म्हणाले.

सहा वर्षांनी, जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर, सेठ डेपो विकून त्याच्या मुलखात निघून गेला होता आणि मी आरमोरीत एका दुकानात लिहिण्याचं काम करत होतो. बाजाराच्या दिवशी एका बंडीवाल्याने हाक मारली, "मुन्शीजी!" हसला तेव्हा समोर दोन दातांची खिडकी. बंडीवर कुणाचं तरी धान होतं.

मी तिथंच, बैलांच्या तोंडाशी उभा राहून, सगळं सांगितलं. तुकडे, चूल, सगळं. इतकी वर्षं जमवलेलं बोलणं दोन मिनिटांत संपलं, याचाही मला वैताग आला.

तो म्हणाला, "माहीत हाय मले. ओसरीवर पडलो होतो न मी. चुलीत साग जळून राह्यला होता. वास येते सागाचा. त्या डेपोत सागाले जाळन कोन, तुमच्याशिवाय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी सांगसान म्हणून थांबलो. एक दिवस. दोन दिवस. मंग बंडी धरली."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"मले सांगून काय होते? मले तं माहीतच हाय. ज्याले माहीत नाई, त्याले सांगा." त्याने हातातल्या तुतारीने, बैल हाकायच्या काठीने, समोरची राइस मिल दाखवली. "तिथी नवी लॉरी आली. मागच्या महिन्यात इचारलं, तं मालक म्हणे, तू तोच ना जीप उलथवणारा?"

"उद्या जातो मी त्यांच्याकडे."

"उद्या?" तो मोठ्याने हसला. "सहा वर्सं उद्याच चालू हाय तुमचा!"

तसाच गेलो. मिलच्या मालकाला उभ्या उभ्याच सांगितलं: बैठक माझी, साग माझा, जोरात घे म्हणालो तोही मीच. मालक कोंड्याने पांढरा झालेला, ऐकत राहिला. मग म्हणाला, "इतक्या वर्सांनी आठवलं काय तुमाले?"

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो.

आम्ही बाहेर आलो तर बंडी फाटकाच्या आत उभी, आणि ड्रायव्हर लॉरीखाली पाठीवर निजलेला. नुसते पाय दिसत होते. हात पुसत बाहेर आला आणि मालकाकडे न बघता मला म्हणाला, "लोखंडाची हाय बैठक."

मालकाने किल्ली पुढे केली. "एक खेप मारून दाखव. मंग पाहू."

त्याने किल्ली घेतली आणि बैलांचे कासरे माझ्या हातात दिले. "धरा जरा. हा डावा मारका हाय."

लॉरी सुरू झाली, हळूच, आणि फाटकातून बाहेर गेली. मला बैल धरता येत नाहीत. डावा मान उडवायला लागला, मी त्याच्यावर ओरडलो, तो आणखी बिथरला. पुढच्या पोत्यातून धान सांडलं. मी दोन्ही हातांनी कासरे आवळून, त्या बंडीच्या धावड्याच्या आसाला पाय टेकवून उभा राहिलो, आणि रस्त्याकडे बघत राहिलो.