निरोगी माणसाचं रक्त

नव्वदच्या दशकात मी ठाण्याला, कोलशेतच्या बाजूला, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. रक्ताच्या एका कर्करोगावर आमचं काम चाले. हा आजार बहुतेक उतारवयात होतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. शरीरातली पेशी वेळ झाली की मरते. तसा निरोप तिला आतूनच मिळतो. एक प्रथिन हा निरोप अडवून धरतं. रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत ते किती साठलं आहे, हे आम्ही अँटिबॉडी वापरून बघायचो. अँटिबॉडी नेमकी त्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते आणि ती चिकटली असेल तिथे शेवटी एका पातळ, पांढऱ्या पट्टीवर तपकिरी रेघ उमटते. प्रथिन जास्त, तर रेघ गडद.

रुग्णांचं रक्त मुंबईच्या हॉस्पिटलातून यायचं. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागे. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याला त्या दिवशी काम कमी त्याने बाही वर करायची. पण आम्ही सगळे तरुण. लॅबचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, रुग्ण साठीचे आहेत, तर निरोगी माणूसही साठीचा हवा. मी म्हटलं, माझे वडील देतील.

बाबा रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. आम्ही कल्याणला राहायचो. रोज सकाळी ते तलावाला चक्कर मारून यायचे आणि आयुष्यात आपण एकही इंजेक्शन घेतलेलं नाही असं भेटेल त्याला सांगायचे. रक्त काढायला मी लॅबमध्ये शिकले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी हात पसरला.

"आपल्याला नॉर्मल माणूस म्हणून बोलावलंय," ते आईला म्हणाले.

"तुम्हाला? दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

मग त्यांनी मला त्या प्रथिनाबद्दल विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे पेशीला मरू देत नाही. मग वाईट काय त्यात?"

"जुन्या गेल्याच नाहीत तर गर्दी होते, बाबा. नव्या, कामाच्या पेशींना जागाच उरत नाही."

"आमच्या ऑफिसात होते असे एक. एक्स्टेंशनवर एक्स्टेंशन. खालच्यांची प्रमोशनं अडकवून बसले होते."

रक्ताची नळी रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवली. लॅबमध्ये रक्त यंत्रात फिरवलं की पांढऱ्या पेशींचं एक धुरकट कडं वेगळं होतं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जाड होतं. भरपूर पेशी मिळाल्या, आता दोन-तीन प्रयोग निघतील, म्हणून मी खूश झाले.

पट्टीवर रंग चढायला काही मिनिटं लागतात. पट्टी बुडवलेली बशी हलवत आपण वाट बघतो. आधी रुग्णांच्या रेघा आल्या, ठळक. बाबांच्या जागी फिकट रेघ यायला हवी होती. निरोगी पेशींत हे प्रथिन असतंच, पण थोडं. ती रेघ आली आणि थांबली नाही. गडद होत गेली, शेजारच्या रुग्णाइतकी. मी बशीत पाणी ओतून रंग थांबवला.

सर म्हणाले, "अँटिबॉडी बिघडली असेल. इथे लाइट सारखे जातात, फ्रीजरचा काय भरवसा. नाहीतर नळ्यांची अदलाबदल."

नळ्या मीच हाताळल्या होत्या. तरी मी त्यांच्या म्हणण्याला धरून राहिले. नवी अँटिबॉडी उघडली. सगळ्यांच्या पेशी सारख्या मापाने घेतल्या. या वेळी बाबांच्या शेजारी माझंही रक्त लावलं.

"परत?" बाबांनी विचारलं होतं. "पहिलं आवडलं नाही का तुमच्या सरांना?"

"प्रयोग दोनदा करावाच लागतो."

माझी रेघ फिकट आली, बाबांची पुन्हा गडद. म्हणजे अँटिबॉडी चांगली होती.

सरांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "आपल्या प्रयोगावरून निदान करता येत नाही. त्यांना साधी रक्ततपासणी करायला सांग." माझ्याकडे न बघता त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

घरी आले तर बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. त्यांनी चष्मा काढला. "नापास झालो का मी?" मी म्हटलं, साधी रक्ततपासणी करायची आहे. त्यांनी घडी घालून वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

तपासण्या झाल्या. तोच आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, सध्या औषधाची गरज नाही, फक्त लक्ष ठेवायचं. त्यानंतरची वर्षं लक्ष ठेवण्यात गेली. या आजारात मानेला गाठी येतात, हे मला माहीत होतं. बाबा जेवायला बसले की माझी नजर त्यांच्या मानेवर जायची. मी लॅबमध्ये तेच प्रथिन शोधत होते, संध्याकाळी येऊन तीच मान बघत होते. काही दिसत नव्हतं. पुढे बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावायला सुरुवात केली. मे महिन्यातही लावलेलं. आई म्हणायची, "ऑफिसला निघालात की काय?" ते हसायचे. घरात गंजीवर बसणं त्यांनी सोडून दिलं होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एका पावसाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला. कल्याणच्या हॉस्पिटलात सिस्टरने त्यांना तपासायला शर्ट मोकळा केला, तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना गाठी होत्या, जुन्या, मोठ्या. बाबा डोळे मिटून होते.

ते गेल्यावर आई मला म्हणाली, "मला दिसायच्या गं. तेच म्हणाले, तिला दाखवू नकोस. दिवसभर हेच बघून घरी येते ती."