शेंड्यावरचं लाल फडकं

उमेदीच्या वर्षांत शेंडेवाला मिठी मारल्याशिवाय कोणतंच झाड चढला नाही. पायांत दोराचा फास, छाती खोडाला, की गडी सरसर वर. झाडं छाटणं हा त्याचा धंदाच. पण नदीकाठच्या शाळेतली निलगिरी म्हटली की त्याच्या अंगात वारं शिरायचं. तिच्या शेंड्यावरून पलीकडच्या काठावरची ताईची गच्ची दिसे. ताई लग्न होऊन तिकडे गेली तेव्हाच ठरलं होतं: दरवर्षी छाटणीच्या दिवशी यानं वरून लाल फडकं हलवायचं, तिनं गच्चीतून पांढरी चादर. गच्चीवरून खाली उतरलं की मधली घरं आड येत, झाड दिसेनासं होई. एवढ्या लांबून चेहरा कसला दिसतोय? पण आपलं माणूस हात हलवण्यावरूनही ओळखू येतं.

साठी उलटली आणि गुडघे कुरकुरू लागले. धंदा लेकीनं हाती घेतला, आणि दोन वर्षं तिनं बापाला झाडावर चढू दिलं नाही. ताईशी फोनवर बोलणं व्हायचं, पण ती दुधाची तहान ताकावर. अखेर त्यानं घर डोक्यावर घेतलं, तेव्हा लेकीनं नवी रीत शिकवली. वाळूची पिशवी बांधलेली सुतळी जाड बेचक्यातून फेकायची, तिच्यामागून दोर ओढायचा. कमरेला पट्टा, त्यातल्या त्यात बऱ्या पायाला दोराची रिकीब. रिकिबीत उभं राहायचं, गाठ वर सरकवायची, पट्ट्यात बसून दम खायचा. ही चढाई नव्हे, उठाबशांची शिक्षा आहे, असं तो पुटपुटला; पण शिकला. लेकीची अट एकच: बेचक्याच्या वर जायचं नाही. तिथून पुढच्या फांद्या मनगटाएवढ्या, दोराचा भार पेलणार नाहीत.

छाटणीच्या सकाळी तो उठत-बसत बेचक्यापर्यंत पोहोचला. समोर नुसती पानं. शेंडा डोक्यावर दोन पुरुष उंच. दोरावर लोंबकळत आल्यामुळे खोडाला अंग लागलंच नव्हतं, म्हणून त्यानं आधी गाल टेकवला. सालीचा तो थंड वास आला आणि जीव कासावीस झाला. पट्टा सोडायला बोट कडीवर गेलं. खाली लेक मान वर करून उभी होती. त्यानं बोट काढलं.

मग फांद्या ओढायच्या लांब आकडीला फडकं बांधून पानांतून वर खुपसलं आणि खांदा भरून येईतो हलवलं. पलीकडचं त्याला काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"दिसलं रे फडकं," ताई म्हणाली. "अगदी नेहमीसारखं. माझी चादर दिसते का?"

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. म्हणजे ताई खाली स्वयंपाकघरात होती. गच्चीचा जिना तिलाही जड झाला, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.



"दिसते ना," तो म्हणाला. "जरा हळू हलव ताई, हात दुखतील."