हिमनदीच्या तोंडाशी

जायचं ठरल्याचं सांगितलं, तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. "गाळच बघायचा तर आटपाडीच्या तलावात काय कमी हाय?" तिचंही खरं होतं. पण मी हिमनद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचा अभ्यास करते, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर निघालेल्या तुकडीत माझी वर्णी लागली होती.

आबा मात्र एका शब्दाला अडले. फौजेत असताना ते बर्फात राहिलेले. तिथं त्यांचा जोडीदार, फलटणकडचा दस्तगीर, कोसळलेल्या बर्फाखाली गेला आणि सापडलाच नाही. आबांच्या तोंडी कायम 'ग्लेशियर'.

"हिमनदी? नदी म्हंजे वाहती न्हवं?"

"वाहते आबा. फार सावकाश."

"मग आत गेलेलं बाहीर येतं व्हय?"

येतं, असं पुस्तकात आहे म्हटलं.

"बुकातलं नगं. डोळ्यानं बघून ये."

आबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

एसटीनं दहिवडी-फलटणमार्गे पुणं, मग मुंबई, ऑस्लो आणि शेवटी स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन. फलटणच्या स्टँडवर चहा घेताना उगाच प्रत्येक म्हाताऱ्याकडे बघत बसले. जाणाऱ्यांनो, तिकडं खाणं भलतंच महाग आहे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्या, देवासारखी धावून येते. गावाबाहेर पडायचं तर पांढऱ्या अस्वलांपायी बंदूकवाला सोबत लागतो. आणि लॉजच्या दारात बूट काढून आत जायचं, त्यामुळं मला घरी आल्यासारखंच वाटलं.

उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळत नाही. जेवण सकाळचं की रात्रीचं, हे विचारणं आम्ही सोडून दिलं. बोटीनं निघालो तर पाणी दुधासारखं. बर्फ दगड दळत येतो, त्याचं ते पीठ. तरंगणारे बर्फाचे तुकडे विरघळताना आतली जुनी हवा सुटत होती, लाह्या फुटाव्यात तशी. आम्ही सगळे ऐकत राहिलो. झोपेत आहे की जागी, कळेना.

हिमनदीच्या तोंडाशी नळीनं गाळ काढताना आमची प्रमुख इंग्रिड हिनं एक तांबडा दगड उचलला. आजूबाजूला सगळा काळा खडक.

"हा इथला नाही. मागच्या डोंगरातला. तिथं आत पडला, बर्फानं इथवर आणला."

"सगळंच आणतो?"

"चिरडतो पुष्कळ. पण ठेवून घेत नाही."

मला रडू आलं. बंदूकवाल्याला वाटलं थंडी बाधली, त्यानं थर्मासमधली कॉफी दिली.

घरी परतल्यावर, बॅग उघडायच्या आधी, आबांजवळ जाऊन बसले.

"बघितलं आबा. बाहेर येतं."

"कवा?"

"सांगता येत नाही. लय वर्षं लागतात. तुम्ही असाल, नसाल."

त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, उगाच सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"मग तू ध्यानात ठेव. उंचीला माझ्याएवढा. फुडचा दात अर्धा हाय. कबड्डीत माझंच कोपर लागलं हुतं."